शेवटचं कडवं

कॅसेट परत घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असायची. आवाज घोगरा येतो. त्यावरचा इलाजही ठरलेला होता. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसायचं, बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहायचा, तरी जमलं नाही तर दुसरी कोरी कॅसेट काढून पुन्हा भरून द्यायची. एप्रिलमधल्या त्या दुपारी मात्र काउंटरपुढे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याची तक्रार वेगळीच निघाली. आवाज स्वच्छ होता. फीत कुठे अडकत नव्हती.

"भाऊ, गानं तं बराबर भरलं तुमी," म्हातारा म्हणाला, "पन दादाचं नाव काहून कापलं?"

दुकानदाराला काही उमजेना. म्हाताऱ्याने कॅसेट मशीनमध्ये घालायला लावली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, वामनदादा कर्डकांचं. तीन कडवी झाली, कोरस आला आणि आवाज हळूहळू खाली जात विरून गेला. ती करामत दुकानदाराचीच होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपते. सहावं गाणं पुरतं बसत नसलं तर ते टक्कन तुटू नये म्हणून तो आवाजाचं बटण सावकाश मागे घ्यायचा. गिऱ्हाइकांना ते आवडायचं आणि त्याला स्वतःलाही त्याचा अभिमान होता.

"चौथं कडवं हाय याले. त्याच्यात दादा सोताचं नाव घेते. थेच नाई राह्यलं तं मंग हे गानं कोनाचं म्हनावं?"

मेहकरच्या बसस्टँडजवळच्या त्या आठ-बाय-दहाच्या दुकानात गाणी भरून देण्याचा धंदा दुकानदाराने वीसेक वर्षं केला. हजारो कॅसेट त्याच्या हाताखालून गेल्या. पण आपण काय शिकलो असं कुणी विचारलं, तर तो अजूनही त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नापासूनच सांगायला लागतो.

धंद्यात तो आला तो गाण्याच्या ओढीने. वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. दिवसभर कापसाच्या शेतात राबून आलेला हा माणूस संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसला की वेगळाच दिसायचा. डाव्या हातात खंजिरी, उजव्या हाताची बोटं कातड्यावर आणि तोंडात तुकडोजी महाराजांचं भजन. घरात रेडिओ नव्हता, पण गाणं होतं. बारावीनंतर पुढे शिकायला पैसे नव्हते. एका नातेवाइकाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकला. १९८६ च्या दिवाळीत त्याने स्वतःचं दुकान थाटलं. एक डबल डेक, एक अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि काचेच्या कपाटात शंभरेक कॅसेट, एवढंच भांडवल.

तो काळच कॅसेटचा होता. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही छोटी डबी भारतातल्या खेड्यांपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली, पण पोचली ती एकदम. त्याआधी आवडीचं गाणं ऐकायचं म्हणजे आकाशवाणीवर लागण्याची वाट पाहायची. आता मळ्यातल्या झाडाला टू-इन-वन टांगून पाळी घालताना हवं ते ऐकता येऊ लागलं. लोक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. कुणाला लिहिता येत नसे, ते काउंटरपुढे उभे राहून चाल गुणगुणायचे. चालीवरून गाणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

बुलढाणा जिल्ह्याचं वर्ष कसं फिरतं ते त्याला पंचांगापेक्षा विक्रीवरून आधी कळायचं. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव, त्याच्या आधी आठ दिवस पोवाडे. माघात शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन, तेव्हा भजनं आणि 'गजानन विजय' पोथीचं पारायण. होळीच्या सुमारास सैलानीबाबांची यात्रा. त्या वेळी चिखली-बुलढाण्याकडे निघालेले ट्रक दुकानासमोर थांबायचे आणि ड्रायव्हर कव्वाल्या मागायचे. एप्रिल लागला की भीमगीतं. आषाढीनंतर गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार-मेहकरवरून शेगावकडे जायची, तेव्हा अभंग. मग गणपती, देवी, आणि कार्तिकात काकड्याची भजनं. मधल्या मोकळ्या दिवसांत सिनेमाची गाणी आणि लग्नाच्या वराती.

हे सगळं तो एकाच मशीनवर भरायचा. कव्वाली पुसून त्याच फितीवर अभंग, अभंग पुसून भीमगीत. पहिली काही वर्षं त्याच्या लेखी गाणं म्हणजे मिनिटं होती. पाच मिनिटांचं, सात मिनिटांचं, साडेतीन मिनिटांचं. एका बाजूत काय बसतं आणि काय उरतं, एवढाच हिशोब.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाने तो हिशोब बिघडला. त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्याने मूळ कॅसेट लावली आणि ते गाणं चौथ्या कडव्यापर्यंत पहिल्यांदाच नीट ऐकलं. खरंच, शेवटच्या कडव्यात 'वामन' होता. दुसऱ्या दिवशी त्याने नव्वद मिनिटांची कॅसेट काढून सगळी गाणी पुरी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हातारा तिथेच उभा राहून ऐकत होता. नाव आलं तशी त्याने मान हलवली, कॅसेट पंचाच्या टोकाला बांधली आणि गेला.

वामनदादांबद्दल त्याला तोवर जे माहीत होतं ते एवढंच, की त्यांची गाणी एप्रिलमध्ये खपतात. मग तो विचारत गेला. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी. शाळेचं शिक्षण नाही. मुंबईत मजुरी करत असताना मोठ्या वयात अक्षरं शिकले. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि त्यानंतर साठ वर्षं बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गावोगाव नेला. लिहिणारे तेच, चाल बांधणारे तेच, गाणारेही तेच. त्यांची गाणी 'वाटचाल' आणि 'मोहळ' या संग्रहांत छापली गेली, पण बहुतेक लोकांपर्यंत ती छापून नव्हे तर ऐकून गेली. ज्या माणसाला उमेदीच्या वयापर्यंत सही करता येत नव्हती, त्याने पुढे प्रत्येक गाण्याखाली आपलं नाव लिहायला सुरुवात केली, आणि आपण ते नाव बटण फिरवून पुसत होतो. ही टोचणी दुकानदाराच्या मनातून गेली नाही.

त्याने दोनशे पानी वही घेतली. दुकानात आलेल्या प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं ऐकायचं आणि त्यात नाव सापडलं तर टिपून ठेवायचं, असा नेम केला. धंद्याच्या दृष्टीने हा रिकामा उद्योग होता. बायको म्हणायची, गिऱ्हाईक खोळंबलंय आणि तुम्ही वही भरताय. पण वही भरत गेली तसतसं त्याचं दुकान त्याला वेगळं दिसू लागलं.

अभंगांची गोष्ट त्याला लहानपणापासून माहीत होती. तुका म्हणे, एका जनार्दनी, ज्ञानदेव म्हणे, नामा म्हणे. माहीत होती म्हणूनच तिच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. कबीराच्या भजनात कबीर आणि मीरेच्या भजनात मीरा यायची. सैलानीला निघालेल्या ट्रकवाल्यांच्या कव्वालीत शेवटच्या शेरात शायराचं नाव असायचं. एका ड्रायव्हरने त्याला सांगितलं की त्याला मक्ता म्हणतात आणि नावाला तखल्लुस. वहीत त्याने अभंगाच्या नाममुद्रेशेजारी तखल्लुस हा शब्द लिहिला आणि दोन्हींभोवती एकच चौकट काढली.

लावणी-पोवाड्यातही तेच. राम जोशी, परशराम, सगनभाऊ, अनंत फंदी, सगळे शेवटी हजेरी लावून जातात. यातली एक गोष्ट त्याला फार आवडते आणि आलेल्या प्रत्येकाला तो ती सांगतो. 'होनाजी बाळा' हे एका माणसाचं नाव नाही. होनाजी शिलारखाने रचायचे आणि बाळा करंजकर गायचे. दोघांची नावं जोडूनच त्यांची छाप झाली. रचणाऱ्याने आपल्या नावाशेजारी गाणाऱ्यालाही जागा दिली. दोनशे वर्षांपूर्वी ही माणसं एवढं सांभाळत होती आणि आपल्या दुकानातल्या कॅसेटच्या पाठीवर फक्त 'गायक' असा एकच रकाना होता.

हे कळल्यापासून त्याने हाताने लिहिलेल्या कार्डावर दुसरी ओळ वाढवली: 'रचना'.

ही ओळ भरणं सोपं नव्हतं. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात एखादं गीत घरोघर पोचलेलं असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, प्रल्हाद शिंद्यांचं गाणं द्या. आवाज त्यांचाच होता, आणि काय आवाज होता! लाउडस्पीकरच्या चिरक्या कर्ण्यातूनही तो जसाच्या तसा बाहेर यायचा. पण शब्द कुणाचे, हे कव्हरवर कधी असायचं, कधी नसायचं. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी भरत आलेल्या प्रतीला तर कव्हरच नसायचं. मग शेवटचं कडवं हाच पुरावा. काही गीतकारांची नावं त्याला अशीच मिळाली. आवाज कमी-जास्त करून, फीत पुन्हापुन्हा मागे नेऊन त्याने ती टिपली. काही ठिकाणी कडवंच नव्हतं. त्याच्यासारख्याच कुठल्यातरी गावच्या दुकानदाराने ते आधीच कापलेलं होतं.

तुकडोजी महाराजांची भजनं त्याने नव्या कानांनी ऐकली ती याच दिवसांत. महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक. 'तुकड्या' हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी दिलं असं वडील सांगायचे. आयुष्यभर त्यांनी तेच नाव भजनाच्या शेवटी ठेवलं. ते जपानला जागतिक धर्मपरिषदेला गेले, राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं, १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला, 'ग्रामगीता' लिहून झाली. पण भजन संपताना ते पुन्हा तुकड्याच. वडिलांना विचारलं, तेव्हा खंजिरी मांडीवर ठेवून ते म्हणाले, "थ्या नावावर आलं की आमी हात जरा हलका करतो. नाव आयकू आलं पायजे."

लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून ऐकलेली ती थाप. शेवटी ती मऊ होते हे त्याला ठाऊक होतं, पण का होते हे त्या दिवशी कळलं. वडील शाळेची पायरी चढले नव्हते, तरी जे ते हाताने पाळत होते ते त्याला वही घेऊन शोधावं लागलं.

'गजानन विजय' पोथीच्या बाबतीत असाच उलगडा झाला. शेगावला जाणाऱ्या भाविकांसाठी तो एकवीस अध्यायांचा पूर्ण संच भरून द्यायचा. कॅसेटींची चळतच व्हायची. पोथी रचणारे दासगणू महाराज हे नाव ओव्यांतून सारखं कानावर पडायचं, पण तो माणूस कोण हे त्याने कधी विचारलं नव्हतं. कळलं ते असं की दासगणू आधी पोलिसात होते. नोकरी सोडून कीर्तनकार झाले. पदं रचायची, चाली लावायच्या आणि हजारो लोकांपुढे उभं राहून गायची, हेच त्यांचं आयुष्य झालं. शेगावची ही पोथी त्यांनी १९३९ मध्ये लिहिली, वयाची सत्तरी उलटल्यावर. स्वतः लिहून स्वतः गाणारे लोक म्हटलं की गिटार घेतलेली शहरी मुलं त्याच्या डोळ्यांपुढे येत. आता चिपळ्या, खंजिरी, डफ घेतलेले लोक येऊ लागले.

शेवटच्या कडव्यात नाव सापडतं हा त्याचा नियम एका गाण्याने मात्र मोडला, आणि ते गाणं त्याच्याच गावचं निघालं.

जुनी भावगीतं मागणारं एक गिऱ्हाईक होतं, निवृत्त शिक्षक. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. एकदा त्यांनी ग. ना. जोशींनी गायलेली 'शीळ' मागितली. दुकानदाराने शोधून भरून दिली. कार्डावर गायकाचं नाव लिहिलं आणि 'रचना'समोर पेन थांबलं. गाणं शेवटपर्यंत ऐकलं होतं, नाव कुठेच नव्हतं.

"अरे, मेहकरात राहतोस ना तू?" सर म्हणाले. "ना. घ. देशपांडे."

नाव त्याने ऐकलेलं होतं. गावातले वकील म्हणून. 'खूणगाठी' या त्यांच्या कवितासंग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा गावात झालेलं कौतुकही आठवत होतं. पण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या ध्वनिमुद्रिकेने मराठी भावगीताचं युग सुरू झालं असं मानतात, तिच्यातले शब्द याच माणसाचे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या रस्त्याने वकीलसाहेब कोर्टात गेले असतील, त्याच रस्त्यावर तो त्यांचं गाणं त्यांच्या नावाशिवाय विकत होता.

सरांनी त्याला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. कविता लांब असली तर गाण्यासाठी त्यातली काही कडवीच निवडायची. म्हणजे मापात बसवण्यासाठी गाणं कापायची सक्ती त्याच्या दुकानात सुरू झालेली नव्हती, ती यंत्राबरोबरच आली होती. आणि नव्या कवींनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफणंही सोडून दिलं होतं. कविता छापून यायची तेव्हा नाव खाली असायचंच, मग गाण्यात कशाला? पण गाणं पुस्तकातून सुटून तबकडीवर गेलं, तिथून रेडिओवर, तिथून कॅसेटवर. नाव पुस्तकातच राहिलं.

"तुकोबाचं नाव कुणाला कापता येत नाही," सर म्हणाले. "ना. घं.चं तुला लिहावं लागेल."

त्याने लिहिलं. त्यांना भेटायला जायचं, ते कार्ड दाखवायचं, असं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. एवढ्या मोठ्या कवीपुढे कॅसेट भरणाऱ्याने कोणत्या तोंडाने जावं, म्हणून टाळत राहिला. २००० साली ते गेल्याची बातमी आली. ते कार्ड अजून त्याच्याकडे आहे.

आपल्या धंद्याची दुसरी बाजू तो लपवत नाही. परवानगीशिवाय गाणी भरून देणं हा गुन्हा होता. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्यासारख्या दुकानांवर धाडीही पडायच्या. एकदा तो स्वतः सापडला. मशीन जप्त झालं, दोन महिने दुकान बंद राहिलं, दंड भरावा लागला. तेव्हा त्याला राग आला होता. सगळेच करतात, मग मीच का? राग ओसरल्यावर वही उघडून बसला आणि वहीतल्या नावांकडे पाहताना पहिल्यांदा मनात आलं की यातल्या किती जणांना त्या गाण्याचे पैसे मिळाले असतील? कंपनीची कॅसेट विकली तर निदान गायकाला, वादकाला काहीतरी. त्याने भरून दिलेल्या कॅसेटीतून कुणालाच नाही. गावोगाव फिरून गाणाऱ्या शाहिराला बिदागी मिळायची, लोक जेवू घालायचे, पण त्याच शाहिराचं गाणं फितीवरून लाखो वेळा वाजलं तरी त्याच्या घरी काही जायचं नाही.

दुकान पुन्हा उघडल्यावर त्याने मूळ कॅसेट जास्त ठेवायला सुरुवात केली आणि भरून देण्याचं काम कमी केलं, पण ते पूर्ण बंद केलं असं तो म्हणत नाही. संसार त्यावर चालत होता. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मोबदल्यातला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येऊ नये अशी तरतूद आली. ही बातमी त्याने कात्रण काढून वहीत चिकटवली. तोपर्यंत त्याचं कॅसेटचं दुकान बंद पडून चार वर्षं झाली होती.

शाहिरांमध्ये त्याचं सगळ्यात जास्त मन बसलं ते अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्यावर. १९४४ मध्ये द. ना. गव्हाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. वाटेगावचे अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख. एकाच्या शब्दाला धार, दुसऱ्याच्या आवाजात गिरणीच्या भोंग्याचा जोर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात यांनी रान उठवलं. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख. यांच्या ध्वनिमुद्रणांची एक खरखरीत प्रत त्याला औरंगाबादच्या एका जुन्या कार्यकर्त्याकडून मिळाली होती. ती तो विकायचा नाही, दुकान बंद करायच्या आधी रोज रात्री एकदा ऐकायचा. खरखर इतकी, की अर्धे शब्द अंदाजाने घ्यावे लागायचे. ती फीत एकदा मशीनमध्ये गुंडाळली गेली. पेन्सिल घालून इंच-इंच सोडवताना त्याचे हात थरथरत होते, ते त्याला आठवतं.

२००४ हे वर्ष त्याच्या लक्षात राहिलं. मे महिन्यात वामनदादा गेले आणि पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदे. दुकानात रीघ लागली. लोक रडत होते, कॅसेट मागत होते. जवळजवळ सगळे गाणाऱ्याच्या नावाने मागत होते. त्याने काचेच्या कपाटात दोघांचे फोटो शेजारीशेजारी लावले आणि खाली खडूने गाण्यांची नावं लिहिली. कॉलेजातल्या एका पोराने ते पाहून विचारलं, "हे दुसरे कोन?" त्याने मशीन लावलं, फीत पुढे पळवली आणि शेवटचं कडवं ऐकवलं. पोराने तेच गाणं लहानपणापासून दर १४ एप्रिलला ऐकलं होतं. 'वामन' हा शब्द त्याला विष्णूच्या अवताराचा वाटायचा.

कॅसेट संपली ती आधी एमपी-थ्री सीडीमुळे आणि मग मोबाइलमुळे. 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी त्यानेही लावली. दोन जीबीच्या कार्डात शेकडो गाणी बसायची, एकही कापावं लागत नव्हतं. तो खूश व्हायला हवा होता. पण कॉम्प्युटरवर गाण्यांची यादी उघडली की दिसायचं 'ट्रॅक ०७', 'न्यू साँग', 'डीजे मिक्स'. आता रचणाऱ्याबरोबर गाणाऱ्याचंही नाव गेलं होतं. तो बसून एकेका फाइलला नाव द्यायचा, आधी रचना, मग आवाज. गिऱ्हाईक घाई करायचं. २००८ मध्ये कॅसेटचं कपाट भंगारात काढलं आणि मोबाइल रिचार्ज व झेरॉक्स सुरू केलं. वही मात्र काउंटरच्या खणात राहिली.

त्या वहीतलं एक पान बरीच वर्षं कोरं होतं. त्याची गोष्ट नव्वदच्या दशकातली.

पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातला शाळकरी पोरगा आपल्या आजीला दुकानात घेऊन आला. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, त्या भरून द्या म्हणाला. आजी स्टुलावर बसली, माइककडे पाहत राहिली, पण तोंडातून एक ओवी फुटेना. "जातं नाई तं कसं येईन, बापू?" ती म्हणाली. हात नुसताच हवेत फिरवून पाहिला, तरी जमेना. मग पुढच्या रविवारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तो एसटीने तिच्या गावी गेला. तिने सुपात ज्वारी घेतली, जात्याचा खुंटा धरला, आणि घरघर सुरू झाली तशा ओव्या एकामागून एक येत गेल्या. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या, पावसाच्या. काही जुन्या, सगळ्यांच्या तोंडच्या. काही तिच्या स्वतःच्या, तिथल्या तिथे सुचलेल्या. घरघरीने आवाज बिघडतो म्हणून आधी त्याला वाईट वाटलं. मग तो जात्याच्या आणखी जवळ सरकून बसला.

महाराष्ट्रातल्या अशा लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून गोळा केल्या, हे त्याला पुढे कळलं. त्या दिवशी त्याला एवढंच जाणवलं की या ओव्यांत सगळ्यांची नावं आहेत. भावाचं आहे, बापाचं आहे, विठ्ठलाचं आहे, रचणारीचं नाही. तुका म्हणे आहे, नामयाची जनी आहे, पण जात्यावर बसलेल्या बाईने स्वतःला कुठे ओवलेलं नाही.

दळण संपलं. टेप चालूच होता. त्याने विचारलं, "आजी, तुमचं नाव सांगा."

तिने आधी मुलाचं नाव सांगितलं, की मी त्याची माय. मग नवऱ्याचं सांगितलं. मग माहेरच्या गावाचं. त्याने पुन्हा विचारलं. नातू हसायला लागला. फीत फिरत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिने आपलं नाव सांगितलं, दबक्या आवाजात, पीठ झटकता झटकता. मग ती स्वतःच हसली. तिथेच बाजू संपून बटण खटकन वर आलं.

तिच्या नावाने वहीत एक पान राखलं, पण त्यावर लिहिलं काही नाही. तिला विचारल्याशिवाय लिहावं की नाही, ते ठरत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात तो नातू आला. आता तो पुण्याला नोकरी करतो. आजी कधीच गेली. घर आवरताना कॅसेट सापडली होती. ती मोबाइलवर घेऊन द्याल का, म्हणाला. दुकानदाराने माळ्यावरचं जुनं डेक उतरवलं, हेड पुसलं, रबराचा पट्टा नवा घातला. दोघं बसून ऐकत राहिले. घरघर, ओव्या, मध्येच कोंबड्याचं आरवणं, अंगणातून कुणीतरी मारलेली हाक. नातवाचे डोळे भरून आले होते.

ओव्या संपल्या तसा तो म्हणाला, "काका, पुढचं बोलणं राहू द्या. तेवढं कट करून टाका. ओव्याच पाठवायच्या आहेत सगळ्यांना."

"थांब," दुकानदार म्हणाला, "ऐक तर."

त्याचा स्वतःचाच तरुण आवाज आला, विचारणारा. मग मुलाचं नाव, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव. मग जात्याच्या दगडावर हात झटकल्याचा आवाज, आणि मग तिचं नाव. त्यानंतरचं हसू अर्धंच आहे, कारण फीत तिथे संपते.

नातवाने ते दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग तो म्हणाला, सगळं असू द्या. त्याने फाइलला नाव द्यायला घेतलं तेव्हा 'रचना'समोर काय लिहायचं, हे दुकानदाराने नातवालाच टाइप करू दिलं, आणि स्वतः खणातून वही काढून ते पान उघडलं.